वावडी उठली

पुसेगावच्या सोनाजीला वावडीचं वेड होतं, आणि वेडाला वय नसतं. ज्या वयात माणसं लेकीच्या सोयरिकीची काळजी करतात, त्या वयात हा गडी आपल्याहून हातभर उंच वावडी पाठीवर घेऊन शेताच्या वाटेला लागायचा. साधा पतंग नव्हे तो. चिरलेल्या बांबूचा सांगाडा, त्यावर खळीनं डकवलेला जाड कागद, खाली चिंध्यांचं शेपूट आणि माथ्यावर एक कमान. त्या कमानीला ताडाच्या पानाची बारीक पट्टी ताणून बांधायची. वावडी वर चढली की पट्टी थरथरायची आणि घूं असा आवाज निघायचा, तो पार डोंगरापर्यंत जायचा. एकदा वाऱ्यावर बसली की दोरी बाभळीला बांधून माणसानं खुशाल निंदायला जावं. ती आपली वर घुमत राहते.

"सवत आणली असती तर भाकरी थापू तरी लागली असती," त्याची बायको सुमनबाई म्हणायची. गावही काही कमी नव्हतं. कुठली खोटी बातमी पसरली की लोक म्हणत, "वावड्या उठल्यात बाबा," आणि सोनाजीकडे बघून डोळे मिचकावत. सोनाजी हसून घ्यायचा. हौसेला मोल नसतं, आणि हौशी माणसाला लाज नसते.

या वेडात त्याला एकच जोडीदार होता, डोंगराच्या पायथ्याच्या तांड्यातला वसराम. वसरामचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. गोण्या विणणं त्यांच्या रक्तातच होतं. त्यामुळे ताग वळावा तो वसरामनंच. त्यानं वळलेली दोरी बारीक असायची, पण बैलानं तोडून दाखवावी अशी. पुढं सोनाजीनं वावडीला एकीच्या जागी दोन दोऱ्या लावायची युक्ती काढली. डावी ओढली की वावडी डावीकडे झुकायची, उजवी ओढली की उजवीकडे, आणि दोन्ही सैल सोडल्या की मान खाली घालून रामराम करायची. लढाईच्या दिवसांत एकदा गावावरून विमान गेलं. पोरंठोरं तोंड वर करून पळत सुटली. वसराम मात्र वावडीच्या दोऱ्या हातात धरून शांतपणे म्हणाला, "त्यात माणूस आत बसून हाकतो. आमी खाली बसून हाकतो. आता अक्कल कोणाची जास्ती?" दहा-बारा वर्षं दोघांनी असा दर उन्हाळा आभाळात काढला.

मग ते वाईट साल आलं. निजामी मुलखात टोळ्या हिंडू लागल्या. आज या गावात धाड, उद्या त्या. तांड्यावर ढोरं होती, बायकांच्या अंगावर चांदी होती आणि आडोसा म्हणून एक भिंत नव्हती. वसरामचा बाप रामसिंग हा तांड्याचा नाईक. त्याचे डोळे मोतीबिंदूनं गेलेले. त्यानंच तोड काढली. टोळी डोंगराकडे निघाली तर आधी पुसेगावच्या चावडीवर थांबणार, पाणी पिणार. तेव्हा सोनाजीनं आपल्या शेतात वावडी उठवायची. आवाज ऐकला की तांड्यानं हातातलं टाकून डोंगराच्या घळीत शिरायचं.

"डोळे गेले माझे, कान हायत," रामसिंग म्हणाला होता. "सोनाजी, तुझी वावडी घुमली न्हाई तवर आमी बेफिकीर. बराबर?"

"बराबर," सोनाजीनं सांगितलं, आणि म्हाताऱ्यानं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. ही बोली ठाऊक होती ती तांड्याला आणि सोनाजीला. पुसेगावात तिसऱ्या कानाला पत्ता नव्हता.

फाल्गुनात, ज्वारीची खळी चालू असताना, टोळी आली. चावडीवर उतरली, पाणी प्याली, भाकरी मागितल्या. सोनाजी घरात गेला, माळ्यावरची वावडी काढली आणि दाराशी आला. समोर पारावर टोळीतले दोघे पाय पसरून बसले होते. एकानं नुसतं सोनाजीकडे पाहिलं. बस, एवढंच. सोनाजी वावडीसकट मागं फिरला.

असल्या वेळी भित्र्या माणसाला फार हुशारी सुचते. मागच्या दारावरून ग्यानबा कुंभार गाढवं घेऊन तांड्याच्या बाजूला माती आणायला निघाला होता. सोनाजीनं त्याला थांबवलं. उघड सांगावं तर ग्यानबाच्या पोटात तीळ भिजत नसे. वाटेत कोणी हटकलं तर सगळं ओकला असता. म्हणून सोनाजी म्हणाला, "वसरामला म्हण, सोनाजीची वावडी उठली."

"एवढंच?"

"एवढंच."

दुसऱ्या कोणी ऐकलं तर त्याला वाटेल, काहीतरी बाजारगप्पा. वसराम मात्र बरोबर समजेल. सोनाजीला स्वतःच्या अकलेचं त्याही वेळी जरा कौतुक वाटलं होतं. हे तो पुढं कधी विसरू शकला नाही.

ग्यानबा वाटेभर तो निरोप घोळत गेला. 'वावडी उठली' म्हणजे काय? एक वावडी कोणी म्हणतं का? लोक म्हणतात ते 'वावड्या उठल्या'. तेव्हा त्यानं निरोप आपल्या परीनं नीट केला. रामसिंग त्या दिवशी सेनगावकडच्या एका तांड्यावर सोयरिकीला गेलेला. टोळी येणार अशी कुणकुण वसरामला सकाळीच लागली होती आणि त्यानं गाडीला बैल जोडायला काढले होते. ग्यानबानं त्याला गाठून सांगितलं, "सोनाजीनं सांगावा धाडलाय, वावड्या उठल्यात म्हणून."

वसराम हसला. "मंग ठीक हाय. सोनाजी म्हणून राहिला तर खोटीच बातमी असंल." आणि त्यानं बैल सोडले.

दिवस कलताना सोनाजीला डोंगराखाली धूर दिसला. तो धावत गेला तेव्हा निम्मा तांडा जळाला होता आणि ढोरं हाकलून नेलेली होती. वसराम ओढ्यात मरून पडला होता. तो बैलांच्या मागं गेला होता म्हणे. त्याच्या भावकीतल्या पेमानं सोनाजीचा सदरा धरला. "वावडी काहून उठवली न्हाई?"

"वारा पडला होता," सोनाजी म्हणाला. "उठंना. म्हणून सांगावा धाडला."

ते त्याच्या तोंडून निघून गेलं आणि निघालं ते कायमचं. सगळ्यांनी ग्यानबाच्या जिभेला बोल लावला. ग्यानबानं लोकांची तोंडं दोन महिने सोसली, मग चाक गाढवावर लादून लेकीकडे कळमनुरीला निघून गेला. जाताना सोनाजीच्या दारात थांबला होता. "माझी चूक झाली, पाटील," म्हणाला. सोनाजीनं खाली बघितलं आणि त्याला जाऊ दिलं.

सोनाजीनं वावडी माळ्यावर टाकली, तोंड भिंतीकडे करून. पुन्हा हात लावला नाही. पण तेव्हापासून त्याला ती ऐकू येऊ लागली. भर दुपारी, औत सोडून तो बाभळीखाली बसला की डोंगराच्या अंगानं घूं सुरू व्हायचं. तो मान वर करायचा. आभाळ कोरं असायचं. सुमनबाईनं कानात कोमट तेल घातलं, हिंगोलीच्या एका वैदूनं धुरी दिली, कोणी ताईत बांधला. आवाज काही जाईना. बरं, तो भेसूर म्हणावा तर तेही नाही. तोच ओळखीचा, गोड आवाज. त्यानं पूर्वी सोनाजीला सुख दिलं होतं, आणि आता तोच त्याचा घास अडवत होता.

भादव्यात पोलीस ॲक्शन झाली. आभाळातून खरीखुरी विमानं घुमत गेली तेव्हा सगळं गाव उभ्या ज्वारीत पळालं. सोनाजी तसाच बांधावर उभा राहिला. सुमनबाईनं त्याला हात धरून खाली ओढलं आणि विचारलं, "आवाज आला न्हाई का तुमाला?" तो म्हणाला, "मला वाटलं, माझाच हाय." सुमनबाई त्या दिवशी ज्वारीत बसून रडली. नवऱ्याच्या जिवाची तिला विमानांपेक्षा जास्त भीती वाटली.

निजामी गेली, टोळ्या पांगल्या. मार्गशीर्षात एक दिवस वसरामची बायको पारुबाई सोनाजीच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या कपाळाशी केसांत चांदीच्या घुगऱ्या लोंबत होत्या. तांड्यात त्या सवाष्णीनं घालायच्या. नवरा गेला की त्याच दिवशी उतरवतात. सोनाजीनं त्या पाहिल्या.

"म्हातारा काढू देईना," पारुबाई म्हणाली. "म्हणतो, वसराम मेलाच न्हाई. झोपड्या जळाल्या त्या चुलीनं जळाल्या. वसराम बैल घेऊन पैनगंगेपल्याड गेलाय, येईल. नऊ महिनं झालं, सोनाजीभाऊ. त्याच्या नावानं कायी करू देईना. रोज माझ्या डोक्याला हात लावून घुगऱ्या चाचपतो."

"समद्यांनी सांगायचं त्याला."

"समदे सांगून थकले. तो इचारतो, वावडी घुमली व्हती का? आमी म्हणतो न्हाई. मंग धाड येईलच कशी, म्हणतो. सोनाजी शब्दाचा पक्का हाय. त्यानं वावडी उठवली न्हाई म्हंजी धाड आलीच न्हाई." ती एक पाऊल पुढं आली. "एक तर येऊन त्याला सांगा, धाड आली व्हती पण तुमी उठवली न्हाई म्हणून. न्हाई तर एकदा वावडी उठवा. त्याच्या कानाला घुमू द्या, मंग तरी तो धाड मानंल. त्याचा भरवसा माझ्यावर न्हाई, वावडीवर हाय."

सोनाजी घाईघाईनं म्हणाला, "आता उठवून काय व्हणार? बैल गेला अन् झोपा केला. आन् त्या दिवशी मी तरी काय करणार व्हतो, वैनी? वारा पडला व्हता."

पारुबाईनं पदर सारखा केला. तिचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी मी खळ्यावर तिवईवर उभी व्हते," ती म्हणाली. "ज्वारी उपणत व्हते. दोन पोती उपणली. पाटी कलती केली की भुसा आपसूक पल्याड जात व्हता."

उपणणीला वारा लागतो हे शेतकऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. पारुबाई निघून गेली. सोनाजी ओट्यावर बसून राहिला. नऊ महिने ही बाई हे पोटात ठेवून होती. तिनं पेमाला सांगितलं नव्हतं, गावाला सांगितलं नव्हतं. ग्यानबाला मात्र वाचवता आलं असतं, ते सोनाजीनंही केलं नाही आणि तिनंही नाही. का, ते तिलाच ठाऊक. कदाचित नवऱ्याच्या एकुलत्या एका दोस्ताला तिनं तांड्याच्या हाती दिलं नव्हतं.

दोन वाटा तिनं समोर ठेवल्या होत्या. सोनाजीनं पुन्हा सोपी तेवढी निवडली. म्हाताऱ्याला तोंड दाखवण्यापेक्षा वावडी बरी.

माळ्यावरून त्यानं ती काढली. कागद उंदरांनी खाल्ला होता. सांगाडा शाबूत होता. वसरामच्या दोरीला उंदरांनी तोंडही लावलं नव्हतं. सेनगावच्या बाजारातून त्यानं कागद आणला, सुमनबाईकडून ज्वारीच्या पिठाची खळी मागून घेतली. तिनं एका शब्दानं टोकलं नाही, उलट जुनं लुगडं शेपटाला फाडून दिलं. हात आपलं काम विसरलेले नव्हते. कागदाची घडी कुठं मोडायची, कमान किती वाकवायची, पट्टी जिभेवर ओली करून कशी ताणायची, सगळं बोटांनी आपणहून केलं. मधेच आपण गुणगुणतोय असं सोनाजीच्या लक्षात आलं. त्याची त्यालाच शरम वाटली आणि तो गप्प झाला. पण थोड्या वेळानं पुन्हा गुणगुणू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शेतात वावडी उठवली. उगवतीचा खडखडीत वारा होता. सुमनबाईनं वावडी धरली, तो दोऱ्या घेऊन शंभर पावलं मागं गेला आणि ओरडला, "सोड." वावडी एकदा डावीकडे कलली. त्यानं उजवी दोरी ओढली. ती सरळ झाली आणि चढत गेली. मग घूं सुरू झालं.

नऊ महिन्यांत पहिल्यांदा आवाज बाहेरून येत होता. सोनाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हातात दोरीची ओढ, वर घुमणारी वावडी आणि शेजारची मोकळी जागा, जिथं वसराम उकिडवा बसून बिडी ओढायचा. त्यानं सवयीनं तिकडं बघितलंसुद्धा.

मग त्याचं लक्ष डोंगराकडे गेलं. तांडा तिथून मुठीएवढा दिसायचा. झोपड्यांतून लाल लाल ठिपके बाहेर पडत होते. बायकांच्या ओढण्यांचा आणि घागऱ्यांचा तो रंग सोनाजीला चांगला ठाऊक होता. ठिपके एकत्र झाले, त्यांची ओळ झाली आणि ती ओळ डोंगर चढू लागली. मागं ढोरं होती. सोनाजी बघत राहिला. चिलीम भरून पेटवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात तांड्यात माणूस उरलं नाही. शेवटचा ठिपका घळीत शिरला आणि डोंगर पहिल्यासारखा झाला.

त्या दिवशी चावडीवर टोळी उतरल्यापासून तांडा पेटेपर्यंत दोन घटका गेल्या होत्या.

सोनाजीनं दोऱ्या बाभळीला बांधल्या. "लक्ष ठेव," बायकोला म्हणाला आणि तांड्याकडे निघाला. वावडी पाठीमागं घुमत होती. तो चालला तसा तो आवाज त्याच्या डोक्यावरून पुढं जात राहिला. तांड्यात पोचला तर चुली जळत होत्या. एका तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता. पाळण्याची दोरी कोणी आत्ताच ओढल्यासारखी वाटली, पण ती वाऱ्यानं हलत होती. त्यानं भाकरी तव्यावरून काढून ठेवली आणि डोंगराला लागला.

घळीत सगळा तांडा दाटीवाटीनं बसला होता. पारुबाईनं कोणालाच काही सांगितलं नव्हतं. बायकांनी लेकरांच्या तोंडावर पदर धरले होते. आता टोळ्या नाहीत, निजामी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण भीती पायांत बसली की डोक्याचं ऐकत नाही. मधोमध रामसिंग उभा होता, काठी टेकून. तो एकेकाच्या डोक्याला हात लावून नाव घेत मोजत होता. पेमा. पेमाची बायको. गोजरबाई. तिची तिन्ही लेकरं. आवाज ठाम होता, जुन्या नाईकाचा.

सोनाजीच्या पायाखालचा दगड वाजला.

"कोण हाय?"

"सोनाजी."

म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. त्यानं हात पुढं केला, सोनाजीचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला, अगदी त्या दिवसासारखाच. "बराबर टायमाला उठवलीस, पोरा. एक माणूस मागं ऱ्हायलं न्हाई. म्या सांगत व्हतो ह्यांना, सोनाजी शब्दाचा पक्का हाय. ही समदी माझं ऐकत नव्हती." मग तो मान वळवून म्हणाला, "वसराम कुठं हाय? त्याला म्हणावं, सोनाजी आलाय. वसराम."

खाली वावडी घुमत होती. पारुबाई सोनाजीकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. आता तिसरी वाट नव्हती.

"नाईक," सोनाजी म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. "आज उठवली. त्या दिवशी उठवली न्हाई. धाड आली व्हती. वारा व्हता. वावडी माझ्या हातात व्हती. मी भ्यालो आन् घरात गेलो. ग्यानबाची चूक न्हाई. वसराम माझ्यामुळं गेला."

रामसिंगनं हात सोडला नाही. तो ऐकत होता. सोनाजीचं नव्हे, वावडीचं. मग त्याची बोटं हळूहळू सैल झाली. तो जागेवरच खाली बसला आणि डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पांढरे विरळ केस वाऱ्यानं उडू लागले.

"पारू," तो म्हणाला. "इकडं ये, बाई."

ती जवळ येऊन बसली. म्हाताऱ्यानं तिच्या कपाळाशी हात नेला आणि आपल्या हातानं एक घुगरी सोडली, मग दुसरी. गाठी घट्ट झाल्या होत्या, वेळ लागला. सुटल्यावर त्या त्यानं तिच्या ओंजळीत ठेवल्या. तेव्हा पारुबाई पहिल्यांदा मोठ्यानं रडली, आणि तिच्या मागं सगळा तांडा रडू लागला.

सोनाजी बाजूला उभा होता. पेमा उठून आपल्याला मारेल असं त्याला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पेमा उठला नाही. रडणं ओसरल्यावर सोनाजी जायला वळला.

"थांब," रामसिंग म्हणाला. "किती वेळात चढलो आमी?"

सोनाजीनं खाली तांड्याकडे बघितलं. "चिलीम भरायला लागतो तेवढ्यात."

म्हाताऱ्यानं मान हलवली. हिशेब त्याचाही तोच निघाला असावा. "ग्यानबाला कळमनुरीहून घेऊन ये," तो म्हणाला. "आन् फाल्गुनात, त्याच दिवशी, पुन्यांदा उठव. दर साली उठव. तुला ती टाकून देता येणार न्हाई आता. लेकरांना वाट ठाऊक ऱ्हायला पायजे."

"व्हय," सोनाजी म्हणाला.

तो डोंगर उतरला, शेतात आला. सुमनबाई बाभळीशी दोरीला हात लावून बसली होती. सोनाजीनं दोऱ्या सोडल्या आणि वावडी हळूहळू खाली घेतली. जमिनीला टेकली तशी पट्टी थांबली. त्यानं कान दिला. नऊ महिन्यांचा तो दुपारचा आवाज आता कुठंच नव्हता, डोंगराच्या अंगानं नाही, डोक्यात नाही. त्याच्या जागी लांबून, डोंगरावरून, वसरामसाठी बायका रडत असलेल्या ऐकू येत होत्या.